क्षेमाचा धर्म : एका जुन्या इंजिनाच्या निमित्तानें

नीतिविषयक निबंधांत एका जुन्या मालमोटारीच्या इंजिनाची हकीकत यावी, हें पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आंठ्या पडतील. सद्गुण, कर्तव्य, प्रमाद, पश्चात्ताप इत्यादिकांचे दाखले राजर्षींच्या, संतांच्या किंवा निदान शहाण्यासुरत्या गृहस्थांच्या चरित्रांतून घ्यावे असा शिष्टसंप्रदाय आहे. तेलानें माखलेल्या बिडाच्या ठोकळ्यापाशीं नीतिशास्त्राचें काय काम, असें कोणीं विचारल्यास त्यांत नवल नाहीं. आम्हींहि एकेकाळीं असेंच विचारलें असतें. परंतु पंधरा वर्षें कॉलेजांत नीतिशास्त्र शिकवूनहि ‘कर्तव्य’ या शब्दाची जी एक बाजू आम्हांस दिसली नव्हती, ती अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत, एका शेतकऱ्याच्या कोठारांत हातांत दिवा धरून उभें असतांना दिसली. त्या प्रसंगाचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न असा : एखादें यंत्र विश्वासार्ह आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तो गुण वास्तविक कोणाचा असतो? यंत्राचा, कीं त्याची निगा राखणाऱ्या माणसाचा? आणि तो माणसाचा असेल, तर निगा न राखणें ही केवळ आळसाची बाब राहते, कीं तिला अनीति म्हणणें प्राप्त होतें?

इसवी सन २००९ च्या ऑगस्टांत एका लहानशा कॉलेजांत एक वर्ष तत्त्वज्ञान शिकविण्याच्या निमित्तानें आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों होतों. तो मुलूख मक्याचा आणि सोयाबीनचा. गांव लहान, घरें विखुरलेलीं. स्वतःचें वाहन नसेल तर बाजारहाटहि अशक्य. आमच्या भाड्याच्या घराशेजारीं सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी राहत असत. शेती त्यांनीं खंडानें दिली होती. पण कोठार, हत्यारें आणि १९८५ सालचा फोर्ड कंपनीचा एक उघड्या हौद्याचा पिकअप ट्रक एवढें स्वतःकडे ठेविलें होतें. ट्रकाचा रंग विटला होता, आणि हिंवाळ्यांत बर्फ वितळावा म्हणून त्या देशीं रस्त्यांवर मीठ टाकतात त्यानें हौद्याच्या कडा खाऊन टाकल्या होत्या. परंतु किल्ली फिरवितांच इंजिन अशा शांतपणें सुरू होई कीं, चोवीस वर्षांचें वाहन तें हेंच काय, असा प्रश्न पडावा.

या इंजिनाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. फोर्ड कंपनीनें तें १९६५ सालीं प्रचारांत आणलें आणि १९९६ पर्यंत आपल्या पिकअप गाड्यांत बसविलें. पिकअपखेरीज पाण्याचे पंप, वीज उत्पन्न करणारीं जनित्रें, माल पोंचविणाऱ्या मोटारी अशा नाना ठिकाणीं त्याचा उपयोग झाला. त्याचें आकारमान ३०० घन इंच, म्हणजे सुमारें ४.९ लिटर. सहा सिलिंडर एका ओळींत असल्यामुळें त्याचा तोल स्वभावतःच साधलेला असतो. ठोकळा बिडाचा व त्यावरील डोकेंहि बिडाचें. क्रँक नांवाच्या मुख्य दांड्यास सात ठिकाणीं आधार. झडपांची उघडझांप करणारा दांडा साखळीनें किंवा पट्ट्यानें न फिरवितां दांतेरी चाकांनीं फिरविलेला, म्हणून साखळी सैल होणें किंवा पट्टा तुटणें हीं विघ्नें मुळांतच टळलेलीं. हलक्या गाड्यांत मात्र, आवाज कमी व्हावा म्हणून, त्यांतील एका चाकाचे दांते धातूऐवजीं तंतुमय कृत्रिम द्रव्याचे असत. तेवढी एक जागा जाणते लोक कच्ची समजत. एवढ्या थोरल्या देहाकडून शक्ति मात्र बेताचीच मागितलेली : १९८५ च्या सुमारास ती सव्वाशे अश्वशक्तीच्या आंतबाहेर असे. आज याच्या निम्म्या आकाराचीं इंजिनें याच्या दुप्पट शक्ति देतात. ज्यांनीं हें इंजिन आंखलें त्यांनीं वेगाचा लोभ न धरतां सावकाश फिरणारें, जड ओझें ओढणारें, अंगाला कमी ताण देणारें यंत्र केलें. आणि मिताहारी मनुष्य जसा बहुधा दीर्घायु होतो तसें तें दीर्घायु झालें.

येथपर्यंत पाहिलें तर विश्वासार्हता हा इंजिनाचाच गुण आहे असें वाटेल. परंतु त्याच कारखान्यांतून, त्याच सालीं, त्याच सांच्यांतून निघालेलीं कितीतरी इंजिनें केव्हांच भंगारांत गेलीं आणि हें एक चालू राहिलें, याचा उलगडा केवळ जन्मानें होत नाहीं. तो आम्हांस त्या गृहस्थांच्या एका वहींत सांपडला. काळ्या पुठ्ठ्याची, तेलकट बोटांचे ठसे उमटलेली ती वही कोठारांत खिळ्याला टांगलेली असे. तींत तारीख, मैल, आणि काय केलें तें, एवढेंच तीन रकान्यांत लिहिलेलें होतें. दर तीन हजार मैलांस तेल बदललें. दोन वर्षांस रेडिएटरांतलें पाणी बदललें. स्पार्क प्लग काढून पाहिले. पंख्याचा पट्टा ताणला. अमुक दिवशीं अर्धा क्वार्ट तेल घातलें. चोवीस वर्षांचा तो मजकूर वाचण्यास अत्यंत कंटाळवाणा होता. त्यांत एकहि साहस नव्हतें.

त्या कंटाळवाण्या नोंदींमागें काय विद्या होती हें आम्हांस पुढें कळलें. तेल हें केवळ घर्षण कमी करण्यासाठीं नसतें. दांडा आणि त्याचें बेअरिंग यांमध्यें इंचाच्या एकदोन सहस्रांशांची फट असते. वहीच्या एका कागदाची जाडीहि तिच्याहून अधिक भरेल. त्या फटींत दाबाखालीं तेलाचा पापुद्रा राहतो आणि धातु धातूला मुळीं शिवतच नाहीं. शिवाय तेंच तेल उष्णता वाहून नेतें आणि काजळी, आम्ल, पाणी हीं सर्व पोटांत घेतें. पेट्रोल जळलें म्हणजे पाण्याची वाफ होते. तिचा कांहीं अंश इंजिनाच्या तळाशीं उतरतो. लांबचा प्रवास असेल तर इंजिन तापून तें पाणी उडून जातें. परंतु कडाक्याच्या थंडींत दोन मैल जाऊन पुन्हां इंजिन बंद केलें तर पाणी तेथेंच सांठतें, न जळलेलें पेट्रोलहि त्यांत मिसळतें, आणि तेल आंतल्या आंत निःसत्त्व होतें. म्हणजे जो मनुष्य ‘मी गाडी फारशी चालवीतच नाहीं’ असें समाधान मानतो, तो पुष्कळदां इंजिनाचें अधिक नुकसान करीत असतो. रेडिएटरांतलें थंडीनें न गोठणारें पाणी बिडाला गंजूं न देण्याची औषधें बाळगतें. तीं दोनतीन वर्षांत क्षीण होतात, पण पाण्याचा रंग मात्र हिरवाच्या हिरवा राहतो. प्लगचें टोंक करड्या-तपकिरी रंगाचें असलें म्हणजे ज्वलन ठीक. काजळानें काळें झालें असेल तर पेट्रोलाचें प्रमाण अधिक. तेलानें ओलें असेल तर आंतील कड्या झिजल्या. आमच्या शेजाऱ्यांनीं शाळा लवकर सोडली होती. परंतु वैद्यानें नाडी पाहावी तशी त्यांची ही परीक्षा चाले.

नोव्हेंबरच्या अखेरीस ते आपल्या मुलीकडे उष्ण प्रदेशांत जाण्यास निघाले. आमच्याजवळ वाहन नाहीं हें पाहून त्यांनीं आपण होऊन ट्रकाची किल्ली आमच्या हातीं दिली. “उभा राहण्यापेक्षां चाललेला बरा,” ते म्हणाले. “मात्र दर दुसऱ्या वेळीं पेट्रोल भरतांना तेल पाहा. म्हातारा झाला आहे, थोडें पितो. आणि वहींत लिहा.” आम्हीं मान डोलाविली. पहिल्या खेपेस पेट्रोल भरतांना बोनेट उघडून, मोजपट्टी काढून, पुसून, पुन्हां घालून आम्हीं तेल पाहिलें. तें बरोबर खुणेवर होतें. आमची खात्री पटली. दुसऱ्या खेपेस बर्फ पडत होतें. तिसऱ्या खेपेस परीक्षेचे पेपर तपासावयाचे होते. पुढें तर तो नियमच आमच्या स्मरणांतून गेला. कारण ट्रक रोज सकाळीं पूर्वीप्रमाणेंच सुरू होत होता, आणि जें रोज होतें त्याकडे पाहावें लागतें असें मनुष्यास सहसा वाटत नाहीं.

फेब्रुवारींत वळणावर जातांना तेलाच्या दाबाचा कांटा क्षणभर खालीं पडून पुन्हां वर येऊं लागला. तो आम्हांस दिसला. जुन्या गाडीचे कांटे असेच असावयाचे, असें म्हणून आम्हीं त्याकडे काणाडोळा केला. वस्तुतः तळांतील तेल अर्ध्यावर आलें होतें; वळणावर तें एका अंगास जाऊन पंपास तेलाऐवजीं हवा मिळत होती, आणि तो कांटा तेंच सांगत होता. मार्चच्या आरंभीं एके दिवशीं इंजिनांतून हातोडा मारल्यासारखा आवाज येऊं लागला, आणि घरापासून मैलभर अंतरावर आम्हांस ट्रक सोडून चालत यावें लागलें.

त्या मैलभर वाटेंत आमच्या मनांत काय आलें, तें सांगण्यासाठींच हा निबंध लिहिला आहे. पहिला विचार पश्चात्तापाचा नव्हता. पहिला विचार असा होता कीं, इंजिन पंचवीस वर्षांचें होतें. केव्हांतरी तें मोडणारच होतें. तें आमच्या हातांत मोडलें हा योगायोग. घरीं पोंचेपर्यंत या विचारास आम्हीं चांगलें युक्तिवादाचें स्वरूप दिलें होतें. आणि गोष्ट अशी कीं, तो युक्तिवाद खोडून काढणें कोणासहि शक्य नव्हतें. बेअरिंग गेलें तें तेलाच्या अभावीं कीं वयोमानानें, यांत दोहोंचा वांटा किती, हें कोण सिद्ध करणार? आम्हीं तेल पाहिलें कीं नाहीं, याचा साक्षी आमच्यावांचून दुसरा कोण होता? दुकानांतून दोन क्वार्ट तेल आणून आंत ओतलें असतें तर मोजपट्टीनेंहि आमच्याच बाजूनें साक्ष दिली असती. हा विचारहि आमच्या मनांत आला, हें कबूल करणें भाग आहे.

दुर्लक्ष या दोषाचा हा एक विशेष आहे, आणि नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याचा जितका विचार व्हावयास पाहिजे तितका झालेला आम्हांस दिसत नाहीं. चोरी, खोटें बोलणें, हिंसा यांचा कर्ता दाखवितां येतो व क्षणहि दाखवितां येतो. दुर्लक्षाला असा क्षण नसतो. ज्या दिवशीं आम्हीं तेल पाहिलें नाहीं त्या कोणत्याहि एका दिवशीं कांहींच बिघडलें नव्हतें. अपराध सुमारें शंभर दिवसांवर असा पसरला होता कीं, कोणत्याहि एका दिवसाच्या वांट्यास आलेला भाग अगदीं निरुपद्रवी दिसावा. शिवाय जगांत सर्वच वस्तूंचा अंत ठरलेला असल्यामुळें दुर्लक्ष करणाऱ्यास काळाची ढाल नेहमींच मिळते. आणि याच्या उलट बाजूनें पाहिलें तर निगा राखणाऱ्याचें पुण्यहि तसेंच अदृश्य राहतें. कारण त्याच्या कर्माचें फळ म्हणजे कांहींतरी न घडणें. मोडलेलें यंत्र दुरुस्त करणाऱ्याची वाहवा होते. न मोडूं देणाऱ्याची होत नाहीं, कारण तें मोडलें असतें हें तो कोणाला दाखवूं शकत नाहीं.

आपल्या परंपरेंत यासाठीं एक फार चांगला शब्द आहे. योगक्षेम हा जोडशब्द आपण ‘उदरनिर्वाह’ या अर्थीं सहज वापरतों. परंतु गीतेवरील भाष्यकारांनीं त्याचे दोन भाग वेगळे करून दाखविले आहेत. न मिळालेलें मिळविणें तो योग, आणि मिळालेल्याचें रक्षण करणें तें क्षेम. योगाला उत्साह लागतो, त्याचा समारंभ होतो, त्याला साक्षीदार असतात. क्षेम हें एकट्यानें, रोज, आणि विशेष असें कांहींच घडत नसतांना करावयाचें असतें. शास्त्रकारांनीं दोहोंस एकाच शब्दांत समान आसन दिलें. व्यवहारांत मात्र आपण योगाचेच उपासक झालों आहों. नवी मोटार घरीं आली म्हणजे आपण पेढे वांटतों. दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालून चाकांखालीं लिंबू ठेवितों. त्या पूजेंत कांहीं वावगें आहे असें नाहीं. परंतु खंडेनवमीस हत्यारें पुजणारा आमचा जुना कारागीर पूजेपूर्वीं तीं घांसून, तेल लावून स्वच्छ करीत असे. पूजा ही निगेची समाप्ति होती, निगेच्या बदल्यांत दिलेली दक्षिणा नव्हती.

असो. शेजारी मार्चच्या मध्यास परत आले. आम्हीं जें घडलें तें सांगितलें, पण सर्व सांगितलें नाहीं. आवाज आला व ट्रक थांबला एवढेंच सांगितलें. त्यांनीं ट्रॅक्टरनें ट्रक कोठारांत ओढून आणला आणि पुढील शनिवारीं दिवा धरण्यासाठीं आम्हांस बोलाविलें. तेल गाळलें तेव्हां तें फार थोडें निघालें आणि त्यांत तांबूस चकचकीत कण होते. ओझें पेलणाऱ्या एका बेअरिंगचे दोन अर्धगोल त्यांनीं हातांत घेतले; मऊ धातूचा थर निघून जाऊन आंतलें तांबें उघडें पडलें होतें, आणि दांड्यावर नखाला लागतील असे ओरखडे उठले होते. त्यांनीं तें आम्हांस दाखविलें, कापडावर ठेविलें, आणि कांहीं न बोलतां ते पुढच्या कामास लागले.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारीं, दांडा कारखान्यांतून घांसून आल्यावर, नोंद करण्यासाठीं त्यांनीं वही काढली. नोव्हेंबरच्या शेवटच्या नोंदीनंतर पान कोरें होतें. त्यांनीं तें पाहिलें, पेन आमच्यापुढें केलें आणि म्हणाले, “हे महिने तुमच्याकडे होते. तुम्हीच भरा.” त्यांच्या स्वरांत राग नव्हता, हिशेब पुरा असावा एवढीच त्यांची इच्छा दिसली. आम्हीं बराच वेळ पेन धरून उभे होतों. अखेर आम्हीं लिहिलें : डिसेंबर ते मार्च, सुमारें दोन हजार मैल, तेल एकदांच पाहिलें. त्यांनीं वाचलें, मान हलविली, आणि त्याखालीं आपल्या अक्षरांत बेअरिंगचें माप लिहिलें. बेअरिंगांचा आणि दांडा घांसण्याचा खर्च आम्हीं देऊं केला तो त्यांनीं आढेवेढे न घेतां घेतला. त्यामुळें आमच्या मनावरचें ओझें, दयेनें हलकें झालें असतें त्याहून, अधिक हलकें झालें. मे महिन्यांत इंजिन पुन्हां सुरू झालें, आणि आम्ही परत येईपर्यंत किल्ली आमच्याकडे पुन्हां एकदां आली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ॲनेट बायर या विदुषीनें १९८६ सालच्या एका निबंधांत दोन मनोवृत्तींमधील भेद दाखविला आहे. आपल्या भाषेंत तो भरंवसा आणि विश्वास या दोन शब्दांनीं बरा सांगतां येईल. फळीवर पाय ठेवतांना आपण तिच्यावर भरंवसा ठेवितों. ती मोडली तर आपली निराशा होते. मित्रावर आपण विश्वास ठेवितों. त्यानें दगा दिला तर विश्वासघात होतो. फळी विश्वासघात करीत नाहीं. या भेदानुसार इंजिनावर फार तर भरंवसा ठेवतां येईल, विश्वास नव्हे; आणि म्हणून इंजिन हा नीतीचा विषय नव्हे, असें अनुमान निघतें.

हें अनुमान आम्हांस अपुरें वाटतें. फळी आणि इंजिन यांत अंतर आहे. इंजिनाचा चांगुलपणा एकदां घडवून संपत नाहीं. तो झिजत असतो आणि कोणीतरी तो भरून काढीत असतो. मिलिंदराजास नागसेन भिक्षूनें विचारलें होतें कीं, आंस, चाकें, जूं यांपैकीं रथ कोणता; आणि प्लुटार्कनें सांगितलें आहे कीं, थीसियसाच्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सवासी बदलीत गेले तेव्हां नौका तीच कीं दुसरी, असा वाद पंडितांत माजला. त्या ट्रकाचें तेल, पाणी, प्लग, पट्टे, नळ्या, आणि आतां बेअरिंगेंहि बदललेलीं होतीं. चोवीस वर्षांत बिडाच्या ठोकळ्याखेरीज जें अखंड राहिलें तें म्हणजे ती वही, म्हणजे एका माणसाचें लक्ष. सकाळीं किल्ली फिरवितांना आम्हीं ज्यावर भरंवसा ठेवीत होतों तें लोखंड नसून त्या लक्षाचा सांठा होता. आम्हीं चार महिने तो सांठा खर्च केला आणि त्यांत भर घातली नाहीं. यंत्रावरील भरंवसा उकलून पाहिला तर त्याच्या मुळाशीं माणसावरील विश्वासच सांपडतो; म्हणून निगा न राखणें हा अपराध लोखंडाशीं नव्हे, ज्यानें आपल्या हातीं किल्ली दिली त्या माणसाशीं होतो.

यावर एक मोठा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. निगा ही नेहमीं चांगल्याच वस्तूची राखली जाते असें नाहीं. १९२१ सालीं जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यांस आढळून आलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलांत अत्यल्प प्रमाणांत मिसळल्यास इंजिनाचे ठोके थांबतात. त्या शिशाचा लेप झडपांच्या बैठकींवर बसून त्यांची झीजहि कमी होई. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनें तें उत्तम औषध होतें. परंतु १९२४ सालींच न्यू जर्सींतील एका कारखान्यांत तें तयार करतांना पांच कामगार विषबाधेनें भ्रमिष्ट होऊन मेले. आणि पृथ्वीचें वय ४५५ कोटि वर्षें ठरविणारे क्लेअर पॅटर्सन यांनीं १९६५ सालीं, ज्या वर्षीं आमचें हें इंजिन बाजारांत आलें त्याच वर्षीं, दाखवून दिलें कीं, मनुष्याच्या देहांत आढळणारें शिसें नैसर्गिक नसून बव्हंशीं मनुष्यानेंच पसरविलेलें आहे. त्याचा सर्वांत अधिक घात लहान मुलांच्या मेंदूस होतो. अमेरिकेंत रस्त्यावरील वाहनांसाठीं असें पेट्रोल १९९६ पासून बंद झालें, भारतांत २००० पासून. आणि जगांतील शेवटचा देश जो अल्जीरिया, तेथें तें २०२१ सालीं थांबलें. मधल्या काळांत असंख्य सज्जन माणसें आपल्या इंजिनांची मनोभावें निगा राखीत होतीं आणि धुराड्यांतून विष सोडीत होतीं. मग निगा हा सद्गुण कसा?

आमचें उत्तर असें कीं, हा आक्षेप निगेवर नसून तिच्या संकुचितपणावर आहे. ज्या दृष्टीनें प्लगचें टोंक पाहावयाचें त्याच दृष्टीनें धुराड्याचें टोंकहि पाहिलें पाहिजे. क्षेम कोणाचें, हा प्रश्न इंजिनापाशीं थांबत नाहीं. जो रस्त्यानें चालतो आणि ती हवा नाकांत घेतो त्याचेंहि क्षेम त्यांत येतें. कितीहि निगा राखली तरी कार्बुरेटरच्या जुन्या इंजिनाचा धूर नव्या इंजिनाइतका स्वच्छ होत नाहीं, हें आमच्या शेजाऱ्यांस ठाऊक होतें. म्हणून तो ट्रक ते शेताबांधाच्या कामापुरताच वापरीत. ट्रकाची चौकट गंजून गेली कीं तो मोडींत काढावयाचा, हेंहि त्यांनीं ठरवून ठेविलें होतें. क्षेम म्हणजे आसक्ति नव्हे. वस्तूचा काळ संपला हेंहि ज्याला निगा राखून राखून कळतें, त्यालाच ती योग्य वेळीं सोडतां येते. ज्यानें तिच्याकडे कधीं पाहिलेंच नाहीं तो एकतर तिला लवकर टाकतो किंवा मोडेपर्यंत ताणतो. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व तपासणीनंतर पुढें चालू होते. त्यांतील पंधरा वर्षांचा आंकडा सोयीसाठीं आहे, कारण वर्षें मोजणें सोपें असतें. खरा न्याय तपासणींत आहे, आणि ती जेथें मनापासून होत नाहीं तेथें आंकड्याला अर्थ राहत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आमच्या घरची. परत आल्यावर ही हकीकत आम्हीं पुष्कळ ठिकाणीं मोठ्या रसानें सांगितली. एकदां आमच्या मातोश्रींनीं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलें, “त्या माणसानें वहींत लिहून ठेवलें म्हणून तुला कळलें. लिहिलें नसतें तर?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पिठाच्या डब्याला जाळें लागूं न देणें, लोणच्याला बुरशी येऊं न देणें, पावसाळ्यापूर्वीं गाद्यांना ऊन दाखविणें, देवघरांतली समई घांसणें, आजाऱ्याच्या औषधाची वेळ चुकूं न देणें, अशा हजारों नोंदी ज्या घरांत रोज होतात व कोणत्याच वहींत उतरत नाहींत, त्या घरांत आम्ही चाळीस वर्षें राहिलों होतों. आणि घर हें स्वभावतःच नीट चालतें, अशी आमची समजूत होती. आमच्या कुटुंबानें त्या वेळीं मान वर करून आमच्याकडे पाहिलें, आणि पुन्हां हातांतल्या कामाकडे लक्ष दिलें.

त्या आयोवांतील ट्रकाचें पुढें काय झालें हें आम्हांस ठाऊक नाहीं; त्याचे धनी २०१६ सालीं वारले एवढें त्यांच्या मुलीच्या पत्रावरून कळलें. त्यांच्या वहीसारखीच एक वही आमच्या टेबलाच्या खणांत आहे. तींत आमच्या मोटारीचें तेलपाणी लिहिलेलें असतें, आणि मातोश्रींच्या प्रश्नानंतर दुसरेंहि कांहीं लिहिलें जातें : आज घरांत काय न बिघडतां राहिलें, आणि तें कोणामुळें. हा रकाना भरावयास आरंभीं आम्हांस फार अवघड जाई. अजूनहि कित्येक दिवस तो कोरा राहतो. परंतु त्या दिवशीं घरांत कांहीं झालें नाहीं म्हणून नव्हे, आम्हीं पाहिलें नाहीं म्हणून, एवढें आतां आम्ही जाणतों.